पांदण, पायवाट आणि नकाशा: नागपूरजवळ क्लबची एमटीबी ओरिएंटिअरिंग स्पर्धा कशी भरवावी

माउंटन बाइक ओरिएंटिअरिंगमध्ये, म्हणजे एमटीबीओत, वाटेवर बाण नसतात, रिबिनी नसतात आणि वळणावर हात दाखवणारा कार्यकर्ताही नसतो. सायकलच्या हँडलवर नकाशा असतो, त्यावर जांभळ्या वर्तुळांत कंट्रोल, म्हणजे गाठायच्या ठरावीक जागा, दाखवलेले असतात. ते ठरलेल्या क्रमाने गाठायचे. मधल्या वाटा ज्याच्या त्याने निवडायच्या. आंतरराष्ट्रीय ओरिएंटिअरिंग महासंघाची स्थापना १९६१ ची, आणि सायकलवरच्या या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००२ मध्ये फ्रान्समधल्या फाँतेनब्लो इथे झाली. नागपूरच्या एखाद्या क्लबला हाच खेळ चाळीस-पन्नास जणांसाठी थंडीतल्या एका रविवारी भरवायचा असेल, तर काय काय करावं लागतं ते इथे क्रमाने दिलं आहे. तयारी निदान दहा आठवडे आधी सुरू करावी. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ नकाशाला लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

स्पर्धा चांगली झाली की नाही हे एका गोष्टीवर ठरतं: दोन कंट्रोलच्या मध्ये दोन तोलामोलाच्या सायकलस्वारांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या का? सगळेच एका वाटेने गेले तर ती नुसती सायकल शर्यत झाली. आणि कोणत्या वाटेवर सायकल किती पळेल हे नकाशाने खोटं सांगितलं, तर वाटेची निवड म्हणजे लॉटरी होते.

जागा

नागपूरच्या पश्चिमेला हिंगणा, काटोल रोड, कळमेश्वर या बाजूला बेसाल्टच्या बसक्या टेकड्या, मुरमाचे माळ आणि शेतांमधून गेलेल्या पांदणी आहेत. चढ-उतार सौम्य, फाटे भरपूर. एमटीबीओला हेच लागतं. पूर्वेला मौदा, कुही या बाजूच्या धानाच्या सपाट पट्ट्यात बांध पुष्कळ, पण सायकल चालेल अशा एकमेकींना छेदणाऱ्या वाटा कमी. जागा निवडताना साधा हिशोब असा धरावा: एका चौरस किलोमीटरमध्ये निदान पाच-सहा किलोमीटर वाटा आणि दहाएक फाटे हवेत. त्याहून विरळ जाळं असेल तर निवडीला वावच उरत नाही.

जिथे जाऊच नये अशा जागा आधी खोडून टाका. अंबाझरीकडचा आयुधनिर्माणीचा परिसर, वायुसेनानगरच्या आजूबाजूचा भाग, कोळसा खाणींचे पट्टे. गोरेवाड्याच्या जंगलात बिबट्यांचा वावर आहे, तिथे पहाटे कंट्रोल लावायला माणूस एकटा पाठवणं बरोबर नाही.

मोकळा, झुडपांचा माळ दिसला म्हणून तो कुणाचाच नाही असं समजू नये. विदर्भात अशा बऱ्याच जमिनींची नोंद ‘झुडपी जंगल’ अशी असते, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या जमिनी वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं आहे. त्यामुळे आधी तलाठ्याकडे गट क्रमांक दाखवून नोंद बघा. वनजमीन निघाली तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. अर्जासोबत तारीख, वेळ, सायकलींची संख्या आणि वाटा रंगवलेला नकाशा जोडला की काम सोपं होतं. ‘सायकल रॅली’ एवढंच लिहिलेल्या अर्जाला उलट प्रश्न येत राहतात. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणं यांना वेगळी पत्रं द्यावीत. सरपंच आणि पोलीस पाटील यांना प्रत्यक्ष भेटावं; शेतमालकांची नावं त्यांच्याकडूनच कळतात.

तारीख

डिसेंबरचा पहिला आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ उत्तम. नोव्हेंबरात गवत वाळलेलं, पण कुसळं ताजी असतात. मोज्यांत शिरतात आणि गिअर बदलणाऱ्या डेरेलरच्या छोट्या चाकांभोवती (जॉकी व्हील) गुंडाळली जातात. फेब्रुवारीच्या शेवटी दहा वाजताच ऊन चटका देतं. जानेवारीत सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, म्हणून पहिली सुटका, म्हणजे पहिला स्पर्धक सुटण्याची वेळ, साडेसातला आणि कोर्स (स्पर्धेचा आखलेला मार्ग) बंद अकराला ठेवला तर सगळं बेताचं बसतं.

पिकांचं वेळापत्रकही बघा. सोयाबीन निघाल्यावर हरभऱ्यासाठी नांगरट होते आणि ऑक्टोबरात दिसलेली शेतातली पायवाट नोव्हेंबरात नाहीशी होते. तूर डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी असते. ती डोक्याएवढी वाढली की फाट्यावर पलीकडचं दिसत नाही, धडक होऊ शकते. काटोल-कळमेश्वर पट्ट्यात संत्र्याच्या बागांना कुंपण असतं, आणि तोडणीच्या दिवसांत पांदणींवर माल भरायच्या गाड्या उभ्या असतात.

अवकाळी पावसासाठी एक राखीव तारीख पत्रकातच छापा. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते. एका मध्यम सरीनंतर ती टायरला थर लावते, फोर्क आणि टायरमधली जागा भरते आणि दहा-पंधरा मीटरमध्ये चाक फिरायचं थांबतं. मुरमाच्या वाटा तेवढ्याच पावसात तासाभरात निथळतात. म्हणून शक्य असेल तर एक पर्यायी कोर्स फक्त मुरमाच्या वाटांवर आखून ठेवा.

नकाशा: खरं काम इथे आहे

पायी ओरिएंटिअरिंगच्या नकाशात झाडी किती दाट, दगड कुठे, खड्डा कुठे हे सगळं येतं. एमटीबीओच्या नकाशात वाटा हा जीव. आंतरराष्ट्रीय मानकात वाटेची दोन परिमाणं वेगवेगळी दाखवतात. एक रुंदी: साधारण दीड मीटरपेक्षा रुंद असेल तर जाड रेघ, अरुंद असेल तर बारीक. दुसरं वेग, आणि त्याच्या चार पायऱ्या. चांगल्या, पक्क्या वाटेवर जो वेग मिळतो त्याच्या ७५ ते १०० टक्के वेग मिळत असेल तर अखंड रेघ. ५० ते ७५ टक्के मिळत असेल तर लांब तुटक रेघ. २५ ते ५० ला आखूड तुटक रेघ. त्याखाली, म्हणजे बहुधा उतरून ढकलावी लागते तिथे, ठिपके.

आपल्याकडे सर्वांत जास्त चूक या दोन परिमाणांची गल्लत केल्यामुळे होते. बंडीची पांदण घ्या. अडीच-तीन मीटर रुंद, उपग्रहचित्रात पांढरी शुभ्र, बघताक्षणी ‘वेगवान’ वाटते. जमिनीवर बघितलं तर काळ्या मातीत पावसाळ्यात पडलेल्या दोन खोल चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या असतात, मध्ये गवताचा उंचवटा. चाकोरीत चाक घातलं तर पेडल दोन्ही बाजूंच्या कडांवर आपटतं, उंचवट्यावर चढलं तर चाक घसरून परत खाली येतं. चांगल्या सायकलस्वारालाही तिथे ताशी आठ-नऊच्या वर जाता येत नाही. ही वाट नकाशात जाड पण आखूड तुटक रेघेने दाखवायची. उलट, माळावरून गुरांनी पाडलेली फूटभर रुंदीची मुरमाची पायवाट कित्येकदा ताशी वीसने जाते. ती बारीक, पण अखंड.

कामाचा क्रम असा:

१. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशातून त्या भागाच्या रस्त्यांची, नाल्यांची माहिती उतरवून घ्या. ती वापरली तर नकाशाच्या कडेला ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश छापणं बंधनकारक आहे.

२. ओपनओरिएंटिअरिंग मॅपर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. संगणकावर चालतं, अँड्रॉइड फोनवरही चालतं, त्यामुळे शेतात उभं राहून जीपीएसच्या आधाराने रेघ ओढता येते. चिन्हांचा तयार संच निवडताना एमटीबीचा निवडा. पायी प्रकाराचा निवडला तर वाटांच्या वेगाची चिन्हंच मिळत नाहीत.

३. समोच्च रेषा मोफत मिळणाऱ्या ३० मीटरच्या उंचीच्या माहितीतून काढता येतात, पण हिंगण्याच्या बसक्या टेकड्यांवर त्या ढोबळ येतात. चढ कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो एवढं तरी प्रत्यक्ष बघून दुरुस्त करा.

४. प्रत्येक वाट सायकलवरून दोन्ही दिशांनी जा. उतारावर वेगवान वाटणारी वाट चढताना मंद वाटते. वर्गवारी चढावरून करायची नाही आणि उतारावरूनही नाही. वाटेचा पृष्ठभाग सपाटीवर असता तर किती वेग मिळाला असता, हे बघायचं. चढ दाखवायला समोच्च रेषा आहेतच.

५. वर्गवारी एकाच माणसाने करावी, किंवा दोघे असतील तर पहिल्या दिवशी एकत्र फिरून चार पायऱ्यांचे चार नमुने ठरवून घ्यावेत. नाहीतर नकाशाच्या उत्तर भागातली ‘मध्यम’ वाट आणि दक्षिण भागातली ‘मध्यम’ वाट यांचा मेळ बसत नाही.

एका चौरस किलोमीटरला तीन-चार तास धरा. फेब्रुवारी २०२१ च्या भू-अवकाशीय मार्गदर्शक तत्त्वांनंतर भारतीय व्यक्ती आणि संस्थांना असा नकाशा करायला आगाऊ परवाना लागत नाही. मात्र संरक्षण आस्थापनांसारख्या संवेदनशील जागा नकाशात दाखवण्यावर निर्बंध आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

प्रमाण कोणतं? ए-फोर कागदावर चारही बाजूंनी एक सेंटिमीटर समास सोडला तर १:१०,००० ला साधारण २.८ गुणिले १.९ किलोमीटर इलाखा बसतो, १:१५,००० ला ४.२ गुणिले २.८. नवख्यांसाठी आणि छोट्या कोर्ससाठी १:१०,००० बरं. हलत्या हँडलवर बारीक तुटक रेघा वाचता यायला हव्यात. छपाई लेझर प्रिंटरवर करा, इंकजेटची शाई घामाने पसरते. आणि नकाशाच्या एका कोपऱ्यात बरोबर १० सेंटिमीटरची रेघ काढून ठेवा. छापून आल्यावर ती पट्टीने मोजा. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय सुरू राहिला तर नकाशा चार-पाच टक्के आकसतो, कुणाच्या लक्षात येत नाही, आणि अंतरं मोजून जाणारा सायकलस्वार प्रत्येक फाट्यावर चुकतो.

नकाशावर चुंबकीय उत्तरेच्या रेघा ओढा. नागपूर परिसरात चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक एका अंशाच्याही आत असल्यामुळे त्याची वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही.

धोक्याच्या खुणा जांभळ्या रंगात, ठळक. आपल्याकडे त्यात तीन गोष्टी हव्याच. एक, कठडा नसलेल्या विहिरी. वाटेपासून १० मीटरच्या आत असेल तर नकाशात तर दाखवाच, शिवाय जागेवर लाल-पांढरी पट्टीही बांधा. दोन, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी शेताभोवती लावलेली झटका मशीनची तार. ती गुडघ्याच्या उंचीवर, पातळ आणि सकाळच्या उन्हात जवळजवळ अदृश्य असते. मालकाला भेटून त्या सकाळी मशीन बंद ठेवायला सांगा, तरीही ती वाट कोर्समधून वगळलेली उत्तम. तीन, आग्या मोहोळ. वड, पिंपळ, जुने पूल यांच्याखालून कोर्स जात असेल तर स्पर्धेच्या आठवड्यात वर मान करून बघा. पोळं असेल तर कंट्रोल निदान दोनशे मीटर लांब हलवा आणि त्या बाजूची वाट बंद म्हणून फुल्या मारा.

कोर्स आखणं

पर्पल पेन हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. तीन कोर्स ठेवा. नवख्यांचा ६-८ किलोमीटर, मधला १२-१४, मोठा २०-२२. ही अंतरं सर्वांत चांगल्या वाटेने मोजलेली, कंट्रोल ते कंट्रोल सरळ रेघेने मोजलेली नव्हेत. नवख्याचा सरासरी वेग ताशी ८ ते १० धरा, सरावलेल्याचा १३ ते १५. मोठ्या कोर्सचा विजेता दीड तासाच्या आसपास यावा.

एक लेग, म्हणजे दोन कंट्रोलमधला टप्पा, आखून झाला की कागदावर हिशोब करून बघा. समजा कंट्रोल ४ वरून ५ ला जायला दोन वाटा आहेत. पहिली वळसा घालून जाणारी मुरमाची, १.८ किलोमीटर, ताशी २० ने: ५ मिनिटं २४ सेकंद. दुसरी थेट, चाकोरीची पांदण, १.१ किलोमीटर, ताशी ९ ने: ७ मिनिटं २० सेकंद. इथे दोन मिनिटांचा फरक आहे, म्हणजे नकाशा नीट वाचणाऱ्याला बक्षीस मिळतं. लेग चांगला आहे. वळसा २.३ किलोमीटरचा झाला तर ६ मिनिटं ५४ सेकंद लागतील आणि दोन्ही वाटा जवळजवळ बरोबरीच्या होतील. असा लेगही हवा, कारण तिथे सायकलवरचं कसब बोलतं. पण दहा लेगपैकी दहाही तसे असतील तर निवडीला अर्थ राहत नाही. एखाददुसरा लांब लेग, दोन-अडीच किलोमीटरचा, तीन-चार पर्यायांचा ठेवा आणि त्यानंतर लगेच पाचशे मीटरचे दोन-तीन छोटे लेग. डोकं मोठ्या निवडीत अडकलेलं असतं तेव्हाच पटापट फाटे मोजायची वेळ येते, आणि तिथे खरा खेळ होतो.

काही गोष्टी टाळा. ज्या वाटेने आत त्याच वाटेने बाहेर यायला लावणारा कंट्रोल नको: बाहेर येणारा सायकलस्वार आत जाणाऱ्याला जागा दाखवून देतो, शिवाय अरुंद पायवाटेवर समोरासमोर धडक होते. लांब उताराच्या तळाशी कंट्रोल नको, कारण तिथे लोक ब्रेक दाबून घसरतात. उतार संपल्यावर चाळीस-पन्नास मीटरवर, चढ लागतो तिथे ठेवा. काटोल रोड किंवा हिंगणा रोडसारखा वाहता रस्ता ओलांडायला लावू नका. ओलांडणं अटळ असेल तर एकच जागा ठरवा, तिथे दोन माणसं उभी करा आणि नकाशात बाकीचा रस्ता निषिद्ध दाखवा.

वाटेबाहेर सायकल नेणं पूर्ण बंद, खांद्यावर उचलूनही नाही. हा नियम नकाशावर छापा आणि सुटण्याआधी तोंडीही सांगा. हरभऱ्याच्या शेतातून एकजण गेला की पाच मिनिटांनी मागचा त्याचा माग धरून जातो. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जायचं की नाही हा वादाचा मुद्दा होतो, म्हणून नकाशात जो धुरा वाट म्हणून दाखवलेला नाही तो बंद, इतकं स्पष्ट ठेवा.

क्लबची पहिलीच स्पर्धा असेल आणि माणसं कमी असतील तर गुणांची स्पर्धा घ्या: ९० मिनिटं, वीस कंट्रोल हव्या त्या क्रमाने, लांबच्याला ३० गुण आणि जवळच्याला १०, उशिराच्या प्रत्येक मिनिटाला ५ गुण वजा. सगळे एकदम सुटतात, सगळे साधारण एकाच वेळी परततात, हरवलेला माणूस लवकर कळतो. पण क्रमवार कोर्सची मजा त्यात नाही. दुसऱ्या वर्षी क्रमवारकडे या.

कंट्रोल

कंट्रोलची जागा दाखवणारी झेंडी म्हणजे ३० सेंटिमीटरच्या तीन चौकोनांचा त्रिकोणी कंदील, तिरप्या रेघेने अर्धा पांढरा, अर्धा केशरी. कोरुगेटेड प्लास्टिक शीटमधून घरी करता येतो; कापडाचा वाऱ्याने गुंडाळला जातो. हँडलच्या उंचीवर, वाटेवरून सायकलवर बसूनच हात पोचेल असा बांधा. कंट्रोल लपवायचा नसतो. जागा शोधणं अवघड असावं ते नकाशावर, झुडपात नव्हे.

प्रत्येकाला ३१ पासून पुढचा कोड द्या. १ ते ३० वापरले तर क्रमांक आणि कोड यांत गोंधळ होतो. नकाशावर वर्तुळाशेजारी ‘५-४३’ असं छापा, म्हणजे पाचवा कंट्रोल, कोड ४३. वर्तुळाची किंवा जोडरेघेची जांभळी शाई एखादा फाटा झाकत असेल तर तिथे ती तोडा.

कंट्रोलवर पोचल्याच्या नोंदीचे तीन मार्ग आहेत. इलेक्ट्रॉनिक पंच सर्वांत छान, पण सामान महाग. उसनं मिळालं तर बघा. मॅपरन हे मोफत ॲप फोनच्या जीपीएसवर चालतं, कंट्रोलच्या जागी पोचलं की आवाज करतं आणि वेळ नोंदवतं. ते बंद पडण्याचं नेहमीचं कारण बॅटरी बचतीची सेटिंग: पडदा बंद झाला की फोन ॲपच मारून टाकतो. नोंदणीच्या टेबलावर प्रत्येकाची ही सेटिंग तपासून घ्या. तिसरा मार्ग सुईच्या पंचचा, म्हणजे कार्डावर भोकं पाडणाऱ्या चिमट्याचा. प्रत्येक पंचची टोकं वेगळ्या नक्षीत, आणि जाड कार्ड दोरीने हँडलला बांधलेलं. दोरी ५० सेंटिमीटर ठेवा. त्याहून आखूड असेल तर उतरावं लागतं, लांब असेल तर स्पोकमध्ये जाते.

झेंड्या आदल्या रात्री लावू नका. गुराखी, शाळकरी मुलं किंवा माकडं, कुणीतरी हलवतंच. आदल्या दिवशी फक्त जागेवर कोड लिहिलेली छोटी पट्टी बांधा. लावणाऱ्याने नकाशावरची जागा फाटे मोजत स्वतंत्रपणे गाठायची, आणि पट्टी तिथेच सापडली तर जागा बरोबर. हे काम कोर्स आखणाऱ्याने करायचं नाही. त्याच्या डोक्यात जागा आधीच पक्की असते, चूक दिसत नाही. सकाळी पाच-साडेपाचला दोघांच्या जोडीने झेंड्या लावा, दोघांकडे हेडलॅम्प आणि शिट्टी. झेंडीखाली चुन्याच्या फक्कीने जमिनीवर कोडही लिहा. झेंडी गेली तरी सायकलस्वाराला आपण बरोबर जागी आहोत हे कळतं, आणि तक्रार आली तर निर्णय देता येतो. प्रत्येक झेंडीवर मराठीत ओळ हवी: ‘सायकल स्पर्धा, ११ नंतर काढून नेऊ, कृपया हलवू नये’, खाली फोन नंबर.

स्पर्धकाची तयारी

मॅपबोर्ड, म्हणजे हँडलवर नकाशा धरणारा फिरता बोर्ड, विकतचा महाग वाटत असेल तर घरी करता येतो. २५ सेंटिमीटर चौरस, ४-५ मिलिमीटर जाडीची कोरुगेटेड शीट, मधोमध ६ मिलिमीटरचा बोल्ट, दोन्ही बाजूंना रबराचे वॉशर, खाली नायलॉन लॉकनट, आणि हँडलला धरायला पीव्हीसी पाइपचा क्लॅम्प. नट इतकाच कसा की बोर्ड अंगठ्याने फिरेल, धक्क्याने फिरणार नाही. साधा नट वापरला तर पंधरा मिनिटांत सैल होतो. नकाशा पारदर्शक पिशवीत घालून चारही कोपऱ्यांवर इलॅस्टिकने बांधा. उभं राहून पेडल मारताना गुडघा बोर्डला लागत नाही ना, हे घरीच बघा.

टायरचा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. बाभूळ आणि बोरीचे काटे एकीकडे, सराटे दुसरीकडे. ट्यूबलेस असेल तर २९ इंची टायरला ९० ते १२० मिलिलिटर सीलंट (पंक्चर बुजवणारा द्रव) घाला. नागपूरच्या कोरड्या हवेत ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून स्पर्धेच्या आधी टायर हलवून आत द्रव वाजतो का ऐका. ट्यूब असेल तर दोन जास्तीच्या ट्यूब, लिव्हर, पंप. पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. बाभळीचा काटा बाहेरून तुटतो आणि टोक आत राहतं. सोबत तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, मल्टीटूल, दीड-दोन लिटर पाणी, ओआरएसची पुडी, शिट्टी. हेल्मेट नसेल तर सुटका नाही, यात सूट देऊ नये.

नकाशा नेहमी जाण्याच्या दिशेने फिरवून ठेवा. वाचायची जागा चढ. उतारावर नजर वाटेवर. कंट्रोलवर पोचण्याआधीच पुढच्या लेगची वाट ठरलेली असावी, आणि पुढचे तीन-चार फाटे साखळीने लक्षात ठेवावेत: उजवा, सरळ, डावा, नाला. १:१०,००० च्या नकाशावर ४ मिलिमीटर म्हणजे ४० मीटर, १:१५,००० वर ६० मीटर. सायकलचा अंतरमापक यासाठी सोन्यासारखा आहे. नकाशातला फाटा आला पाहिजे होता आणि शंभर मीटर पुढे गेलो तरी आला नाही, तर थांबा. पुढे जाऊन ‘बघू’ म्हणणाऱ्याची पाच मिनिटं जातात. शेवटच्या खात्रीच्या फाट्यावर परतणाऱ्याचं एक मिनिट जातं. जीपीएस घड्याळ नोंदीपुरतं चालेल, नकाशा दाखवणारा पडदा बंद.

स्पर्धेची सकाळ

नोंदणीला प्रत्येकाचा स्वतःचा आणि घरच्यांचा फोन नंबर घ्या, रक्तगटही. सुटका दोन-दोन मिनिटांच्या अंतराने, एकाच कोर्सचे दोघे लागोपाठ येणार नाहीत असे. नकाशा सुटण्याच्या एक मिनिट आधी हातात द्या. तेवढ्यात तो बोर्डवर बसतो आणि पहिला लेग वाचून होतो. देताना मागची बाजू वर ठेवा, कोर्सचं नाव दिसेल अशी. चुकीच्या कोर्सचा नकाशा देणं ही सुटकेच्या टेबलावरची सर्वांत सामान्य चूक.

या क्रमात मोठ्या कोर्सच्या सुटका शक्य तितक्या आधी ठेवा. त्यांना वेळ जास्त लागतो आणि सगळे अकराच्या आत परत येतात.

शेवटचा नियम सुटण्याआधी प्रत्येकाला पुन्हा सांगा: स्पर्धा अर्धवट सोडली तरी शेवटच्या टेबलावर येऊन नाव सांगायचं. थेट घरी गेलेल्या एकासाठी दहा माणसं उन्हात पांदणी धुंडाळत बसतात. सुटकेची आणि पोचल्याची यादी एकाच वहीत, शेजारी-शेजारी. अकराला जो आलेला नाही त्याला फोन; सव्वाअकराला दोन जोड्या कोर्सवर, एक सुरुवातीकडून, एक शेवटाकडून. प्रथमोपचाराची पेटी शेवटच्या जागी आणि एखादी दूरच्या रस्त्याच्या तोंडावर, मोटरसायकलसकट. १०८ ला फोन करताना शेतातली जागा सांगता येत नाही, म्हणून रुग्णवाहिका पोचू शकेल असे चार-पाच डांबरी फाटे आधीच नाव देऊन वहीत लिहून ठेवा, आणि जखमीला तिथपर्यंत आणायची व्यवस्था ठरवा.

एखादा कंट्रोल चुकीच्या जागी निघाला तर काय, हे आधीच ठरलेलं हवं. प्रत्येक कंट्रोलची वेळ नोंदलेली असेल तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा, असे दोन लेग सगळ्यांच्या वेळेतून वजा करा. सुईच्या पंचने ते जमत नाही. मग त्या कोर्सचा निकाल जाहीर करू नये, हेच सरळ.

निकाल लावायच्या आधी, तर्री-पोहे वाढले जात असतानाच, प्रत्येकाला पेन द्या आणि स्वतःच्या नकाशावर गेलेली वाट काढायला सांगा. वेळा कळल्यावर काढलेली रेघ सोयीस्कर होते. मोठ्या कोर्सचे सगळे नकाशे एका दोरीवर लावले की कोणत्या लेगवर माणसं विभागली आणि कोणत्या लेगवर सगळी एकाच वाटेने गेली ते लगेच दिसतं. पुढच्या वर्षीचा कोर्स तिथूनच सुरू होतो. सोबत एक कोरा नकाशा टेबलावर पसरा, ज्याला जी वाट चुकीची वर्गवारी केलेली वाटली ती त्याने लाल पेनाने खुणवावी. दुपारी झेंड्या काढायला जाणाऱ्यांनी हाच कागद बरोबर न्यावा, त्या वाटा जाता जाता तपासाव्यात आणि त्याच आठवड्यात नकाशाच्या फाइलमध्ये दुरुस्ती करून टाकावी. झेंड्या मोजून परत आल्या, उघडलेली फाटकं लावली गेली, की पोलीस पाटलांना फोन करून सगळे बाहेर आल्याचं कळवावं.